वाडीचे कुंपण (रेवदंडा)

वाडीचे कुंपण म्हणजे कोकण किनाऱ्यावरील घर, अंगण, विहीर आणि नारळी-पोफळीची बाग यांना एकत्र वेढणारी हद्द. महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात असलेल्या रेवदंडा गावात आणि त्याच्या परिसरात घर व बाग ही सहसा वेगवेगळी नसतात. घर वाडीतच असते. त्यामुळे घराच्या कुंपणाचा विचार वाडीच्या कुंपणापासून वेगळा करता येत नाही. दगडाचा गडगा, काटेरी फांद्यांची वई आणि झाडांचे जिवंत कुंपण हे याचे पारंपरिक प्रकार आहेत. काटेरी तार, लोखंडी जाळी आणि सिमेंटचे खांब हे त्यांनंतर आलेले प्रकार होत. व्हिनाइल म्हणजे कडक पीव्हीसीचे तयार कुंपण हा त्या मानाने नवा पर्याय आहे.

व्हिनाइल गंजत नाही, कुजत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. खाऱ्या हवेच्या प्रदेशात हे गुण महत्त्वाचे ठरतात. मात्र किनाऱ्यावरील कुंपण टिकते की नाही, हे केवळ साहित्यावर अवलंबून नसते. खांबाची जमिनीतील खोली, वाऱ्याला मिळणारी वाट आणि पावसाच्या पाण्याचा निचरा या तीन गोष्टी कोणत्याही कुंपणाला लागू पडतात. व्हिनाइलही त्याला अपवाद नाही.

स्थान व नैसर्गिक परिस्थिती

रेवदंडा हे गाव कुंडलिका नदीच्या मुखाजवळ, अरबी समुद्राच्या काठी वसले आहे. नदीच्या पलीकडील तीरावर कोर्लईचा किल्ला आहे. चौल आणि रेवदंडा ही जोडगावे अष्टागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या किनारपट्टीत मोडतात. नारळ व सुपारीच्या बागा ही या पट्ट्याची ओळख आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी रेवदंड्याला तटबंदी उभारली. १७४० मध्ये हे ठाणे मराठ्यांकडे आले. आजच्या गावाचा काही भाग आणि अनेक वाड्या या जुन्या तटाच्या आत आहेत. त्यामुळे येथे घराच्या कुंपणाबरोबरच गावाला वेढणाऱ्या भिंतीचे अवशेषही पाहावयास मिळतात.

कुंपणाच्या दृष्टीने येथील परिस्थितीचे चार घटक महत्त्वाचे आहेत.

पहिला घटक खारी हवा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात व पृष्ठभागावर बसतात. हवेतील दमटपणामुळे ते ओले राहतात आणि लोखंडाचे गंजणे वेगाने होते. जस्ताचा मुलामा दिलेली तारही अशा हवेत देशावरच्या मानाने लवकर निकामी होते.

दुसरा घटक पाऊस. जून ते सप्टेंबर या काळात या किनाऱ्यावर २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या चार महिन्यांत लाकूड कुजते, माती भुसभुशीत होते आणि उथळ पुरलेले खांब कलतात.

तिसरा घटक वारा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. या वादळात रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळी-पोफळीच्या बागांची, घरांच्या छपरांची आणि विजेच्या खांबांची मोठी हानी झाली. पुढील वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले.

चौथा घटक जमीन. समुद्राजवळच्या पट्ट्यात पुळणीची, म्हणजे वाळूची जमीन असते. तेथे खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि खांबाला पकड मिळत नाही. आतल्या बाजूला मातीचे प्रमाण वाढते, तर काही ठिकाणी थोड्याच खोलीवर दगड लागतो. एकाच वाडीच्या दोन टोकांना जमीन वेगळी असू शकते.

पारंपरिक प्रकार

गडगा

चुना किंवा सिमेंट न वापरता, दगडावर दगड रचून केलेल्या बुटक्या भिंतीला गडगा म्हणतात. तळाशी मोठे दगड घालून रुंदी अधिक ठेवतात आणि वर जाताना ती कमी करतात. मधल्या पोकळीत लहान दगडांची भरणी करतात. रचाईत सांधे मोकळे असल्याने पावसाचे पाणी भिंतीतून झिरपून जाते. त्यामुळे गडग्यामागे पाण्याचा दाब साठत नाही. गडगा ढासळला तर तेच दगड वापरून पुन्हा रचता येतो. दगड वाहून आणण्याचा खर्च आणि रचाईचे कसब असलेल्या गवंड्यांची उणीव या त्याच्या मर्यादा आहेत.

वई

ठरावीक अंतरावर मेढी रोवून, त्यांना आडव्या काठ्या बांधून आणि मधल्या जागेत करवंद, बोर यांसारख्या काटेरी झुडपांच्या फांद्या खोचून वई करतात. बांबू, पोफळीचे खोड चिरून काढलेल्या पट्ट्या आणि नारळाच्या झावळ्या यांचाही त्यासाठी उपयोग होतो. बांधण्यासाठी सुंभ किंवा रानवेल वापरतात. वई एक-दोन पावसाळ्यांत कुजते. म्हणून तिची डागडुजी हा पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीचा भाग असे. सर्व साहित्य वाडीतलेच असल्याने खर्च मुख्यतः श्रमाचा असतो.

जिवंत कुंपण

फांदी लावली की मूळ धरते अशा झाडांची दाट रांग लावून जिवंत कुंपण तयार करतात. मोगली एरंड, शेर, निर्गुंडी, पांगारा, गिरिपुष्प आणि कोयनेल ही यासाठी वापरली जाणारी झाडे होत. यांपैकी मोगली एरंड, शेर आणि निर्गुंडी गुरे सहसा खात नाहीत. कोयनेल खारी हवा सहन करते. किनाऱ्यालगतच्या वाळूत केवडाही लावतात. पहिल्या पावसाबरोबर फांद्या लावल्या तर त्या बहुधा जगतात. या कुंपणाची वर्षातून एकदा-दोनदा छाटणी करावी लागते. दुर्लक्ष झाल्यास रांग विरळ होते किंवा शेजारच्या जागेत पसरते. शेर आणि मोगली एरंड यांची हाताळणी जपून करावी लागते. शेराचा चीक डोळ्यांना घातक असून मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात.

बेडे

वाडीच्या पारंपरिक प्रवेशद्वाराला बेडे म्हणतात. दोन उभ्या खांबांना भोके पाडून त्यांत आडव्या काठ्या सरकवलेल्या असतात. माणूस काठ्या बाजूला करून आत जातो, गुरे मात्र अडतात. बेड्याला बिजागरी लागत नाही, त्यामुळे गंजणारा एकही भाग त्यात नसतो.

व्हिनाइल कुंपण

साहित्य

व्हिनाइल हे पॉलिव्हिनाइल क्लोराइड या प्लास्टिकचे व्यवहारातील नाव आहे. पाण्याच्या नळांसाठी वापरले जाणारे पीव्हीसी आणि कुंपणाचे व्हिनाइल मूलतः एकच असले, तरी त्यांतील पूरक द्रव्ये वेगळी असतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना १८७२ मध्ये हा पदार्थ प्रथम आढळला. त्याचा औद्योगिक वापर मात्र विसाव्या शतकात सुरू झाला. कुंपणासाठीच्या कडक पीव्हीसीच्या पट्ट्या विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेत प्रचारात आल्या. या पट्ट्यांसाठी तेथे एएसटीएम एफ ९६४ हे मानक वापरले जाते.

उन्हातील अतिनील किरणांमुळे साधे पीव्हीसी पिवळे व ठिसूळ होते. ते टाळण्यासाठी कुंपणाच्या पट्ट्यांत टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य मिसळतात. पांढऱ्या रंगाचे कुंपण अधिक प्रचलित असण्याचे हेही एक कारण आहे. गडद रंग अधिक उष्णता शोषतो, त्यामुळे पट्टी जास्त प्रसरण पावते व वाकण्याचा संभव वाढतो. नळाचे साधे पाइप कापून केलेले कुंपण उन्हात लवकर ठिसूळ होते, कारण ते सतत उन्हात राहण्यासाठी बनवलेले नसतात.

पीव्हीसी तयार करताना ते उष्णतेत टिकावे म्हणून स्थिरके घालतात. पूर्वी त्यासाठी शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. भारतात २०२१ मध्ये पीव्हीसी नळांमधील शिशाच्या स्थिरकांसंबंधी नियम करण्यात आले. हे नियम नळांपुरते आहेत. विहीर किंवा भाजीचा वाफा कुंपणालगत असल्यास कॅल्शियम-जस्ताची स्थिरके वापरलेला माल निवडणे इष्ट ठरते.

रचना

व्हिनाइल कुंपणाचे मुख्य भाग चार असतात : पोकळ चौकोनी खांब, दोन खांबांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, त्यांत बसणाऱ्या उभ्या पट्ट्या आणि खांबाच्या माथ्यावरील टोपण. खांबांना कारखान्यातच खाचा पाडलेल्या असतात. आडव्या पट्टीचे टोक या खाचेत सरकवून अडकवले जाते. खिळे किंवा स्क्रू फार थोडे लागतात. दोन खांबांमधील अंतर सहसा १.८ किंवा २.४ मीटर असते. ते पट्टीच्या लांबीवरून ठरते, म्हणून खड्डे खणण्यापूर्वी माल हाती असणे आवश्यक असते.

उभ्या पट्ट्यांच्या मांडणीवरून कुंपणाचे दोन प्रकार होतात. पट्ट्यांमध्ये फट ठेवलेले ते खुले कुंपण. पट्ट्या एकमेकींत गुंतवून फट न ठेवलेले ते बंद कुंपण. बंद कुंपणामुळे आडोसा मिळतो, पण किनाऱ्यावर ते वाऱ्यासमोर शिडासारखे उभे राहते.

वाऱ्याचा दाब

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागानुसार, दर सेकंदास मीटरमध्ये मोजलेल्या वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले असता दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. या वेगाला दाब दर चौरस मीटरला सुमारे ६७० न्यूटन होतो. १.८ मीटर उंच व २.४ मीटर रुंद अशा बंद पॅनलचे क्षेत्रफळ ४.३२ चौरस मीटर असते. म्हणजेच एका पॅनलवर सुमारे २९०० न्यूटन, साधारण ३०० किलोग्रॅम वजनाइतका आडवा रेटा येतो. मधल्या प्रत्येक खांबाला एका पूर्ण पॅनलचा भार सोसावा लागतो.

हा रेटा पॅनलच्या मध्यावर आहे असे मानल्यास, उंची वाढवण्याचा परिणाम दुहेरी होतो. क्षेत्रफळ वाढते आणि खांबाच्या बुंध्यापासूनचे अंतरही वाढते. उंची १.२ मीटरवरून १.८ मीटर, म्हणजे दीडपट केली, तर खांबाला बुंध्याशी वाकवणारा परिणाम सव्वादोन पट होतो. म्हणून समुद्राकडील बाजूस कुंपण बुटके ठेवणे किंवा त्यात फटी ठेवणे हे खांब जाड करण्यापेक्षा अनेकदा अधिक उपयोगी ठरते.

वाऱ्याला पूर्ण अडवणे बागेच्या दृष्टीनेही हिताचे नसते. बंद भिंतीवरून जाणारा वारा पलीकडे खाली उतरून भोवरे निर्माण करतो. वई किंवा जिवंत कुंपण यांसारखा सच्छिद्र अडथळा वाऱ्याचा काही भाग आरपार जाऊ देतो आणि बाकीच्याचा वेग कमी करतो. निम्म्याच्या जवळपास मोकळी जागा असलेल्या अडथळ्यामागे त्याच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी झालेला आढळतो. केळी, कोवळी पोफळ आणि भाजीचे वाफे यांना याचा लाभ होतो.

उभारणीची पद्धत

किनाऱ्यावर कुंपणाचे काम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्यापूर्वी संपवणे सोयीचे असते. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी भरते, तर पाऊस संपताच जमीन ओलसर असल्याने खणणे सोपे जाते.

आखणी : हद्दीच्या दोन टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणतात. कोपऱ्याचा काटकोन गुनियाने तपासतात. खांबांच्या जागा पट्टीच्या लांबीप्रमाणे खुणावून घेतात. नारळाची मुळे, विहिरीचे कठडे, पाण्याचे पाट आणि जमिनीखालील नळ यांच्या जागा याच वेळी पाहतात. चढउतार असल्यास पाण्याच्या पारदर्शक नळीने पातळी मिळवतात.

खड्डे : १०० मिलिमीटर रुंदीच्या खांबासाठी साधारण ३०० मिलिमीटर व्यासाचा खड्डा घेतात. खांबाच्या एकूण लांबीचा सुमारे एक तृतीयांश भाग जमिनीखाली ठेवण्याची सर्वसाधारण रीत आहे. जमिनीवर १.२ मीटर उंची हवी असल्यास खांब १.८ मीटरचा घेऊन ०.६ मीटर पुरतात. पुळणीच्या जमिनीत याहून अधिक खोली घ्यावी लागते. कडा ढासळू नयेत म्हणून तळ कापलेला पिंप किंवा मोठ्या नळाचा तुकडा खड्ड्यात बसवतात. खड्डा तळाशी वरच्यापेक्षा रुंद ठेवल्यास काँक्रीट उपटून येण्यास प्रतिकार करते. तळाशी खडीचा थर दिल्यास खांबात उतरलेले पाणी झिरपून जाते.

काँक्रीट : एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी हे मिश्रण साध्या कामास चालते. समुद्रकिनाऱ्यावरील वाळू यासाठी वापरू नये. तिच्यातील मिठामुळे आतील लोखंडी सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फुटते. शिवाय किनाऱ्यावरून वाळू उपसण्यास कायद्याने बंदी आहे. मिश्रणासाठी पाणीही गोडे लागते. किनाऱ्याजवळील काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, तेव्हा ते टाळावे लागते. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा किंचित वर व उतरता ठेवतात, म्हणजे खांबाच्या बुंध्याशी पाणी साचत नाही.

खांब उभे करणे : आधी कोपऱ्यांचे खांब उभे करून त्यांच्यात दोरी ताणतात आणि मधले खांब त्या रेषेत घेतात. प्रत्येक खांब दोन लगतच्या बाजूंनी ओळंब्यात आहे का हे पाहतात. काँक्रीट घट्ट होईपर्यंत खांबाला तिरके टेकू देतात. पुढील किमान सात दिवस काँक्रीटवर पाणी मारावे लागते.

पट्ट्या बसवणे : कडक पीव्हीसी उन्हाने बरेच प्रसरण पावते. एक मीटर लांबीची पट्टी तापमान एक अंश सेल्सियसने वाढल्यास सुमारे ०.०६ मिलिमीटरने वाढते. २.४ मीटरच्या पट्टीत ३० अंशांच्या फरकाने ही वाढ चार मिलिमीटरहून अधिक होते. म्हणून आडव्या पट्टीच्या दोन्ही टोकांना खांबाच्या आत काही मिलिमीटर जागा मोकळी सोडतात. थंडीच्या सकाळी ताणून घट्ट बसवलेले कुंपण एप्रिलच्या दुपारी कमान टाकते, ते याच कारणाने. खालच्या आडव्या पट्टीला तळाशी लहान भोके असावी लागतात. ती नसतील तर पोकळीत पावसाचे पाणी साचते आणि डासांची पैदास होते.

फाटक : कुंपणाचा सर्वाधिक ताण फाटकाच्या खांबावर येतो. त्या खांबाच्या पोकळीत सळई घालून काँक्रीट भरतात किंवा ॲल्युमिनियमची नळी बसवतात. व्हिनाइल गंजत नसले तरी त्याच्या आतील लोखंडी आधार गंजू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. त्यामुळे खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम अधिक विश्वसनीय ठरते. बिजागऱ्या, कडी आणि स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असल्यास ते अधिक टिकतात.

पाण्याचा निचरा व प्राण्यांची वाट

वाडीत विहिरीचे पाणी पाटांनी झाडांच्या आळ्यांपर्यंत जाते आणि पावसाळ्यात जादा पाणी उताराने शेजारच्या वाडीतून खाडी किंवा समुद्राकडे वाहते. गडगा आणि वई या दोन्हींतून हे पाणी आपोआप जात असे. नव्या कुंपणाखाली सलग सिमेंटचा पट्टा घातला तर ती वाट बंद होते. मग वरच्या अंगाच्या वाडीत पाणी तुंबते. साचलेल्या पाण्याने पोफळीच्या मुळांना इजा होते आणि शेजाऱ्यांत वाद उद्भवतात. म्हणून तळाचा पट्टा टाळणे किंवा त्यात पुरेशी मोकळी जागा ठेवणे आवश्यक असते.

खालची पट्टी जमिनीपासून ५ ते १० सेंटिमीटर वर ठेवल्यास पाणी व पालापाचोळा वाहून जातो. बेडूक व इतर लहान प्राण्यांनाही वाट राहते. बागेतील कीटक खाणाऱ्या या प्राण्यांचा वावर बागायतदाराच्या हिताचाच असतो. माकडांना मात्र कोणतेही साधे कुंपण अडवू शकत नाही. मोठी गुरे अंग घासतात तेव्हा पोकळ पट्ट्या निसटतात. त्यामुळे गुरांचा उपद्रव असलेल्या बाजूस गडगा किंवा जिवंत कुंपण व्हिनाइलपेक्षा सरस ठरते.

हद्द, वहिवाट आणि परवानग्या

कुंपणाविषयीचे बहुतेक तंटे साहित्यावरून होत नाहीत, ते हद्दीवरून होतात. वई दरवर्षी नव्याने घातली जाई, त्यामुळे हातभर इकडे-तिकडे झालेली रेषा पुढच्या वर्षी सुधारता येत असे. काँक्रीटमध्ये रोवलेल्या खांबांची चूक अशी सुधारत नाही. म्हणून पक्के कुंपण घालण्यापूर्वी तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतात. मोजणीची नोटीस लगतच्या धारकांनाही दिली जाते आणि हद्दीच्या खुणा जागेवर दाखवल्या जातात. सातबारा उताऱ्यावरून क्षेत्र व धारक समजतात, पण जमिनीवरील नेमकी रेषा समजत नाही. ती मोजणीच्या नकाशावरून ठरते.

वाड्यांमधून विहिरीकडे, देवळाकडे किंवा समुद्राकडे जाणाऱ्या पाऊलवाटा पिढ्यान्‌पिढ्या वापरात असतात. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार २० वर्षे शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून व अखंड केलेल्या वापरातून वहिवाटीचा हक्क निर्माण होऊ शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ मध्ये शेतकऱ्याला बांधावरून रस्ता मिळण्याची तरतूद आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार रस्त्यास किंवा पाण्याच्या प्रवाहास केलेला बेकायदा अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. कुंपणाने अशी वाट किंवा पाट अडवल्यास ते काढावे लागण्याची शक्यता असते.

रेवदंड्यासारख्या गावात आणखी दोन कायदे विचारात घ्यावे लागतात. समुद्राच्या भरती रेषेपासून जमिनीकडील ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सागरी किनारा नियमन क्षेत्रात येतो आणि तेथील बांधकामांवर निर्बंध असतात. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ मध्ये २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र विनियमित असते. जुन्या तटबंदीच्या आसपासच्या जागेत खड्डे खणण्यापूर्वी आपली जागा यांपैकी कोणत्या क्षेत्रात येते हे तपासणे आवश्यक ठरते. जुन्या तटाचे किंवा पडक्या इमारतींचे दगड कुंपणासाठी काढणे हे वारशाची हानी करणारे असून संरक्षित स्मारकाच्या बाबतीत तो गुन्हा आहे.

देखभाल

व्हिनाइल कुंपणाला रंग लावावा लागत नाही. पावसाळ्यात सावलीच्या बाजूस शेवाळ धरते आणि उन्हाळ्यात धूळ व मिठाचा थर बसतो. सौम्य साबणाचे पाणी व मऊ ब्रश यांनी तो निघतो. खरखरीत घासणीने पृष्ठभागावर ओरखडे पडतात व त्यांत शेवाळ अधिक धरते. कुंपण माडाखाली असल्यास पडणारी झावळी किंवा नारळ यांनी पोकळ पट्टी तडकते. तडकलेली पट्टी सांधता येत नाही, ती बदलावी लागते. म्हणून खरेदीच्या वेळीच काही जादा पट्ट्या घेऊन ठेवणे उपयुक्त असते.

कडक पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सियसला मऊ पडते. वाडीतील पालापाचोळा कुंपणालगत जाळल्यास पट्ट्या वाकतात. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो आणि उघड्यावरील ज्वलनात डायॉक्सिन ही विषारी संयुगे तयार होऊ शकतात. त्यामुळे मोडलेले व्हिनाइल जाळू नये आणि समुद्रात किंवा खाडीत टाकू नये. वई मोडली की तिचे खत होते आणि गडगा ढासळला की त्याचे दगड परत वापरता येतात. व्हिनाइलची विल्हेवाट मात्र मालकाला लावावी लागते. वादळानंतर किनाऱ्यावर साचणाऱ्या कचऱ्याचा विचार करता ही बाब दुर्लक्षण्यासारखी नाही.

प्रकारांची तुलना

* गडगा : सर्वांत दीर्घायुषी. वारा व गुरे यांना समर्थ, पाणी जाऊ देतो. जागा जास्त व्यापतो आणि उभारणी खर्चिक असते.
* वई : स्वस्त, वारा व पाणी दोन्ही जाऊ देते. वारंवार डागडुजी लागते.
* जिवंत कुंपण : वाऱ्याचा जोर कमी करते, पालापाचोळा व हिरवळीचे खत देते. वाढीस दोन-तीन वर्षे आणि नियमित छाटणी लागते.
* काटेरी तार व जाळी : उभारणी जलद, वाऱ्याला विरोध नगण्य. खाऱ्या हवेत गंजते.
* व्हिनाइल : गंजत व कुजत नाही, रंग लागत नाही. बंद प्रकार वाऱ्यापुढे दुर्बल, आघाताने तडकतो. विल्हेवाट कठीण असते.

या गुणदोषांमुळे एकाच वाडीत मिश्र पद्धत वापरणे सयुक्तिक ठरते. रस्त्याकडील बाजूस व अंगणापुढे फटी असलेले बुटके व्हिनाइल कुंपण, समुद्राकडील बाजूस केवडा किंवा कोयनेलचे जिवंत कुंपण आणि गुरांच्या वाटेवर गडगा, अशी योजना प्रत्येक साहित्याचा गुण त्याच्या योग्य जागी उपयोगात आणते.

भाषेतील उल्लेख

मराठीत कुंपणावरून काही म्हणी रूढ आहेत. रक्षकानेच घात केला तर ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ असे म्हणतात. एखाद्याची मर्यादित शक्ती किंवा धाव सांगताना ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण वापरतात. या दुसऱ्या म्हणीतील कुंपण अर्थातच वई किंवा जिवंत कुंपण आहे, कारण सरड्याचा वावर त्यातच असतो.

हेही पहा

* रेवदंडा
* चौल
* अष्टागर
* कोर्लई किल्ला
* निसर्ग चक्रीवादळ
* पॉलिव्हिनाइल क्लोराइड